मीटरमधल्या बाईची ओटी

दोंडाईचा,
दिवाळीच्या आधीचा सोमवार, १९९६

चि. अभिमन यास,

तुझे दाजी गिरधर यांचे आशीर्वाद. तुझ्या बहिणीचे आशीर्वाद वेगळे समजावेत (ती म्हणते, माझे तुमच्यात मिसळू नका, तुमचे लागत नाहीत). इकडे सर्व खुशाल आहे, म्हणजे मी सोडून सर्व. माझ्या डाव्या तळपायाला मुंग्या येतात, उजव्या कानात दुपारची पिठाची चक्की चालते, आणि परवा उचकी लागली ती थांबली तरी थांबल्यासारखी वाटेना म्हणून मी अजून पाणी पितोच आहे. डोळे मात्र देवाच्या कृपेने उत्तम आहेत. तुझ्या पित्ताचं काय झालं? पुण्याचं पाणी जड असतं हे तू नोकरीला निघालास तेव्हाच मी स्टेशनावर बजावलं होतं, पण गाडी सुटली होती. सौ.चे गुडघे कसे आहेत? घरमालकाचा कुत्रा तुला ओळखायला लागला की अजून भाडं थकल्यासारखा भुंकतो? सगळं सविस्तर लिही. तुझं पत्र आलं नाही की मला वाटतं काहीतरी झालं, आणि आलं की वाटतं काहीतरी झालं म्हणूनच आलं.

आता ज्यासाठी शाईची नवी बाटली फोडली ते सांगतो. तू ज्या कंपनीत स्टोअरकीपर आहेस तिने तुझ्या शब्दाखातर आमच्या भिकनच्या एसटीडी बूथला ते बोलणारं मीटर तीन महिने वापरून बघायला दिलं. दिवाळीला मुदत संपते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने अभिप्राय लिहून पाठवावा, मग मीटर ठेवायचं की परत न्यायचं ते ठरवू, असं कंपनीने कळवलं आहे. आता वडीलधारा म्हणजे मीच. पण कंपनीला लिहायचं तर टाइप केल्यासारखी भाषा लागते, आणि चौथीपर्यंत ती शिकवत नसत (पाचवीत शिकवत असतील, पण तेव्हा मी बैल वळत होतो). म्हणून आधी तुला मोकळ्या मनाने लिहितो. यातलं योग्य ते तू साहेबांच्या कानावर घाल, अयोग्य ते गिळून टाक.

भिकनचं तुला ठाऊकच आहे. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, लहानपणी देवी आल्या आणि दोन्ही डोळे घेऊन गेल्या. अपंगांच्या कोट्यातून त्याला स्टेशनासमोर हा बूथ मिळाला. पोरगा असा हुशार की नंबर एकदा ऐकला की बोटांत जाऊन बसतो. सुरत, इंदूर, मुंबई, अशी त्याची बोटं नाचतात की बघणाऱ्याने बघत राहावं. अडचण एकच होती. फोन संपला की मीटरवर जे लाल आकडे पेटतात ते त्याला दिसत नाहीत. त्यासाठी मी. बूथ उघडला त्या दिवसापासून मीटरशेजारी माझं स्टूल. गिऱ्हाईकाने फोन ठेवला की मी मान वाकवायची, आकडा बघायचा, आणि म्हणायचा. तुला वाटेल यात काय आहे? अरे, आकडा म्हणणं ही साधी गोष्ट नाही. मिरचीचा व्यापारी असेल तर मोठ्याने म्हणायचा, म्हणजे बाहेरच्या चार लोकांना कळतं की शेठ इंदूरशी इतका वेळ बोलले, आणि शेठ खुशीत पैसे देतो. शेतातली बाई असेल तर हळू म्हणायचा आणि वर विचारायचं, ‘पोरगा बरा आहे ना गं तिकडे?’ म्हणजे पैसे देताना तिचा हात आखडत नाही. अभिमन, म्हातारपणी माणसाला काय लागतं? दोन भाकरी आणि ‘नाना, किती झाले?’ असं विचारणारं कुणीतरी. भाकरी तुझी बहीण देते. दुसरं मला त्या स्टुलावर मिळत होतं.

आणि तू, माझा सख्खा मेहुणा, मीटर पाठवलंस.

ते खोक्यातून निघालं तेव्हा मी म्हटलं, दिसायला तर जुन्यासारखंच आहे. मग भिकनने पहिला फोन लावून दिला, निंबा चहावाल्याचा, शिरपूरला त्याच्या साडूला. निंबाने फोन ठेवला आणि मीटरमधून एक बाई अगदी स्वच्छ, पुणेरी आवाजात बोलली, ‘आपले बिल नऊ रुपये. धन्यवाद.’ निंबाने टोपी काढली. खरं सांगतो, काढली. मग त्याने बूथच्या मागे जाऊन बघितलं. त्या दिवसापासून गावाला वेडच लागलं म्हण ना. पुरुष माणसं फोन ठेवण्याआधी मिशीवरून हात फिरवायला लागली. बायका तिच्यासमोर पदर सावरायच्या. आमची सुंदरबाई (दर बाजाराला मुलाला सुरतेला फोन करते ती, तुझ्या आईची लांबची चुलत बहीण) मीटरपुढे वाकून विचारती झाली, ‘काय व माय, तुन्हं माहेर कोनतं शे?’ मीटर गप्प. सुंदरबाई मला म्हणाली, ‘शिकेल बाई शे, पन थोडी गर्वनी शे.’ गर्व असो नसो, लोक मात्र खूश. पूर्वी आकडा वाचता न येणाऱ्याला मनात धाकधूक असायची की बूथवाला काय सांगतो कुणास ठाऊक. आता मीटर स्वतःच्या तोंडाने सगळ्यांदेखत सांगायचं. भिकन तर गालातल्या गालात हसत, एकटा, टेचात धंदा करायला लागला.

आणि एका दुपारी तो मला म्हणाला, ‘नाना, आता तुम्ही आराम करा.’

हे वाक्य कुणी कुणाला म्हणू नये असा कायदा व्हायला पाहिजे. त्याने चांगल्या मनानेच म्हटलं. माझं स्टूल त्याने बाहेर गिऱ्हाइकांसाठी ठेवलं, त्यावर पहिला बसला तो रेल्वेचा हमाल. मी घरी जाऊन आराम करायला लागलो. आराम करून करून मला पाठदुखी जडली. तुझी बहीण म्हणाली, घरात सारखे मधे येता, जरा बाहेर जा. बूथमध्ये गेलो तर वाटे, तिथेही मी मधेच येतोय. मग मी विचार करायला लागलो (हे माझं वाईट, विचार सुरू झाला की पायाच्या मुंग्या वाढतात). विचार असा, की कंपनीला हे सुचलंच का? दोंडाईच्याचा एक आंधळा पोरगा आणि पुण्याची एवढी मोठी कंपनी, त्यांचं काय नातं? सख्खी माणसं करत नाहीत एवढं. यात काहीतरी डाव असला पाहिजे.

मी तरी असं का म्हणतो? मी लहान असताना बाजारात चहाच्या कंपनीची गाडी यायची. झांज वाजवत यायची आणि सगळ्यांना फुकट चहा पाजायची. आम्ही पोरं तीन-तीनदा रांगेत. माझा बाप म्हणायचा, फुकट पाजतात, भले लोक आहेत. पुढच्या वर्षी गाडी आली नाही. तोपर्यंत अख्ख्या गावाचं डोकं सकाळी चहाशिवाय दुखायला लागलं होतं. तेव्हापासून कंपनी फुकट काही देते म्हटलं की माझं डोकं आधीच दुखतं.

म्हणून मी चौकशीला निघालो. शाळेचे पुना मास्तर म्हणाले, दिल्लीत अपंगांसाठी नवा कायदा झालाय, सरकारचा बडगा आहे, झक मारून करतात. निंबा म्हणाला, मालकाने सप्तशृंगीला नवस बोलला असणार, घरात कुणाला तरी दिसत नसेल. समोरच्या बूथचा रुपचंदशेठ (याला दोन डोळे आहेत, दोन्ही दुसऱ्याच्या गल्ल्यावर) म्हणाला, ‘नाना, ही सगळी कर वाचवायची खुळं. तोटा दाखवायचा असतो कंपन्यांना. शहाणा माणूस असल्या बाहुल्या दुकानात ठेवत नाही.’ मला एकाचंही पटेना, आणि चौथं कारण सापडेना. त्यातच मला ती पाचवरची पुटकुळी आठवली. तुला माहीत आहे का, फोनच्या पाच आकड्याच्या बटणावर एक बारीक पुटकुळी असते? मी ती गेल्या वर्षीच बघितली होती. वाटलं, माल खराब आला. भिकनला त्रास नको म्हणून दाढीच्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडून साफ केली. पुढे दोन दिवस त्याचे सुरतचे फोन कुठे कुठे लागत होते, एकदा तर पोलीस चौकीत. तेव्हा कळलं की ती पुटकुळी आंधळ्यांच्या बोटांसाठी मुद्दाम ठेवलेली असते. बरं, आंधळ्याच्या फोनवर ठेवा ना! मी जाऊन रुपचंदच्या फोनवर बघितली, तिथेही. पोस्टात, तिथेही. मिरचीच्या अडतीवर, तिथेही. साऱ्या डोळस जगाच्या फोनला आंधळ्यांची पुटकुळी! आता सांग, संशय येणार नाही तर काय?

मी असा संशयात असतानाच दसरा आला, आणि खरा घोटाळा केला तो तुझ्या बहिणीने. (तिने हे वाचू नये म्हणून हा परिच्छेद मी आडोशाला बसून लिहितो आहे.) दसऱ्याला आपल्याकडे नांगर, विळे, तराजू, सगळ्यांची पूजा होते. त्याप्रमाणे मंजुळा ताट घेऊन बूथमध्ये गेली. झेंडू वाहिला, हळद-कुंकू वाहिलं, इथपर्यंत ठीक. मग ती थबकली. म्हणाली, ‘ही एवढी बाई आपल्या घरी आली, सणाला राहिली, आपल्यासाठी दिवसभर बोलते, आणि तिची ओटी न भरता पाठवायची?’ भिकन म्हणाला, ‘काकू, यंत्र आहे ते.’ ती म्हणाली, ‘यंत्र असेल, आवाज तर बाईचा आहे ना?’ मग ही सवाष्ण आहे की कुमारिका यावर चर्चा झाली. पुना मास्तर म्हणाले, शिकलेल्या बाईला असले प्रश्न विचारायचे नसतात. शेवटी मंजुळेने मीटरवर खण ठेवला, त्यावर नारळ ठेवला आणि ओंजळीने पाच वेळा तांदूळ घातले. मीटरच्या डोक्यावर जाळीसारखी भोकं आहेत. नारळ घरंगळला, खण सरकला, आणि तांदूळ कुठे गेले ते मी बघितलं. बघितलं, पण सणासुदीला आपण कशाला तोंड उघडायचं?

संध्याकाळपर्यंत बाईचा घसा बसला. ‘आपले बिल’ असं म्हणायची आणि पुढे नुसती खरखर, जसा काही घशात घास अडकलाय. तुझी बहीण म्हणाली, दृष्ट लागली, आणि मीटरला माझा मफलर गुंडाळला. सकाळी बाई पुरती मुकी झाली. भिकनने जळगावला कंपनीच्या डेपोत फोन केला, ते म्हणाले इंजिनिअर पाठवतो, दोन दिवस लागतील.

अभिमन, खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. दोन दिवस! मी नवा सदरा घातला, टोपीला इस्त्री केली, हमालाला उठवून स्टूल आत नेलं. पायाच्या मुंग्या कुठल्या कुठे पळाल्या. कानातली चक्की बंद. दुसऱ्या दिवशी नेमका बाजार. स्टेशनापर्यंत बैलगाड्या, मिरचीचे ढीग, आणि फोनला ही गर्दी. मी घसा खाकरून तयार. पहिली आली सुंदरबाई. सुरतेला मुलाशी बोलली, सुनेशी बोलली, नातवाला ‘आजी म्हण’ असं सांगत बसली, आणि फोन ठेवला. मी मान वाकवली आणि तिच्या सोयीने हळू आवाजात म्हटलं, ‘अठ्ठ्याऐंशी.’

सुंदरबाई खाली बसली. मग उठली आणि अशी ओरडली की फलाटावरच्या गार्डने शिट्टी वाजवायची थांबवली. ‘अठ्ठ्याऐंशी? मी सुरतले फोन करा का सुरत इकत लिधी?’ पुना मास्तर रांगेत होते, ते पुढे झाले, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘गिरधरराव, तेहेतीस आहेत.’ आता तूच सांग, कंपन्या हल्ली हे लाल आकडे बनवतात तरी कसे? तीन आणि आठ सख्खे जुळे भाऊ. एक आणि सात, तसेच. त्यात बूथमध्ये उजेड उलट्या बाजूने येतो, आणि बाजारात मिरचीची धूळ. डोळे कितीही उत्तम असले तरी काय करतील? मी हे समजावून सांगत होतो तेवढ्यात भिकन म्हणाला, ‘मावशी, नानांनी बरोबरच सांगितलं, मीच ऐकण्यात चुकलो. गर्दी आहे ना.’ पोरगा समजूतदार आहे, चूक लगेच पदरात घेतली. (रात्री जेवताना मला वाटत राहिलं, की अठ्ठ्याऐंशी तर मीच म्हटलं होतं. पण मग भात वाढला गेला.)

त्यानंतर मी एका व्यापाऱ्याला सत्तर म्हणालो, तर तो रांगेतल्या लोकांना मीटरवरचे दहा बोट लावून दाखवायला लागला, आणि दुसऱ्याला अकरा म्हणालो, तर तो तेवढेच टाकून फार घाईने निघून गेला. मग एक विचित्र गोष्ट झाली. सुंदरबाईने आपलं बोचकं बूथच्या पायरीवर ठेवलं, त्यावर बसली आणि म्हणाली, ‘माले आखो जळगावले लेकले फोन कराना शे. पन ती बाईना घसा बरा व्हवू दे.’ तिच्या शेजारी एक म्हातारा पोत्यावर बसला. मग दोन बायका. मग तर शिकलेला एक कंपाउंडर. घंटाभरात पायरीपासून पिंपळापर्यंत माणसं बसली, कुणी भुईमुगाच्या शेंगा फोडतंय, कुणी विडी ओढतंय, आणि सगळे मुक्या मीटरकडे असे बघतायत जसे आजारी आत्याला बघायला आलेत. रुपचंदचा बूथ समोर रिकामा, पण तिकडे कुणी जाईना. ‘तिकडे बाई नई,’ म्हणे. आणि मी त्या सगळ्यांच्या मध्ये, माझ्या स्टुलावर, टोपीला इस्त्री करून. कुणी मला ‘किती झाले?’ विचारेना. एकाने विचारलं, पण ते किती वाजले म्हणून.

दोन दिवसांनी येणार म्हटलेला इंजिनिअर नशिबाने त्याच दुपारच्या गाडीने आला. चौधरी आडनाव, आपल्या यावलकडचा, केळीवाल्यांच्या घरातला, म्हणून नाना-भाऊ करून बोलणारा. त्याने मीटरचा मफलर सोडला, झाकण उघडलं, आणि चिमट्याने एकेक तांदूळ काढायला लागला. तांदूळ संपले तशी हळद झाडली, शेवटी सुपारी निघाली. (सुपारी कुणी घातली ते मंजुळा अजून कबूल करत नाही.) तो म्हणाला, ‘मी पावसाचं पाणी बघितलंय, झुरळं बघितलीत, एका ठिकाणी उंदराची पिल्लं. ओटी पहिल्यांदा बघतोय.’ तुझी बहीण लाजून म्हणाली, ‘तुम्ही तरी नारळ घेऊन जा तिच्या वतीने.’ त्याने पिशवीत घातला.

मी संधी साधली. म्हटलं, ‘चौधरीभाऊ, यावलच्या केळीची शपथ घेऊन खरं सांगा. एका आंधळ्या पोरासाठी तुमची कंपनी एवढा खर्च का करते? तुमचा डाव काय?’

तो हसत म्हणाला, ‘डाव आहेच की, नाना.’

मला इतकं बरं वाटलं की मी निंबाला दोन चहा सांगितले. मग त्याने बाहेर बोट केलं. म्हणाला, ‘त्या पायरीवर बसलेत, त्यांत आंधळे किती?’ मी बघितलं (नीट बघितलं). एकही नाही. ‘मग ते कुणासाठी थांबलेत?’ मी म्हटलं, ‘तुमच्या बाईसाठी.’ तो म्हणाला, ‘तोच डाव. हे मीटर भिकनभाऊंसारख्यांसाठी बनवलं हे खरं. साहेबांच्या मनात दया होती हेही खरं, पण दयेवर कारखाना एक महिना चालतो, पुढे नाही. तेव्हा सगळे हसले होते त्यांना, म्हणाले आंधळे बूथवाले असे असून असणार किती? पण मीटर जिथे लावलं तिथे गर्दी वाढली. वाचता न येणारे आले, चष्मा घरी विसरणारे आले, बूथवाला फसवतो असं वाटणारे आले, वीज अर्धी असली की आकडे न दिसणारे आले. आंधळ्याची अडचण सोडवायला गेलो, ती सगळ्यांचीच निघाली. फोनच्या पाचवरची पुटकुळी बघितलीय ना? अंधारात तुम्ही आम्हीसुद्धा तीच चाचपतो. आज आमच्याकडे ज्या मागण्या आहेत त्यातल्या बहुतेक डोळस बूथवाल्यांच्या. कालच एक आली, हे समोरचे रुपचंदशेठ.’

मी समोर बघितलं. रुपचंद एकदम दुकान झाडायला लागला.

चौधरी चहा संपवत म्हणाला, ‘आणि नाना, धंद्याच्या नजरेने बघितलं तर यासारखं गिऱ्हाईक नाही. डोळे, कान, गुडघे, कुणाचे जन्माला पुरतात? सगळे कधी ना कधी आमच्याकडेच येतात.’ असं म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं. मी मागे वळून बघितलं, तर मागे भिंत होती.

मग त्याने मीटर चालू केलं. सुंदरबाई पहिली. बाईने गळा साफ केल्यासारखी एक खरखर केली आणि बोलली. पायरीपासून पिंपळापर्यंत टाळ्या पडल्या, अभिमन, टाळ्या! सुंदरबाईने मीटरवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, ‘माले वाचता येस नई, पन ऐकू ते येस ना!’ मी स्टूल उचललं आणि आपणहून बाहेर नेऊन ठेवलं. हमाल म्हणाला, बसा नाना. मी म्हटलं, तू बस.

तर हा सगळा विचार करून वडीलधारा म्हणून माझा अभिप्राय असा, की मीटर परत घेऊन जावं. डाव कळला, तो वाईट नाही हेही कळलं, पण समाधान नाही. बाई पुणेरी बोलते. ती व्यापाऱ्याला आणि विधवेला एकाच आवाजात आकडा सांगते. सुरतेच्या पोराचा खोकला थांबला का, हे ती कधी विचारत नाही. अशा बाईच्या हाती मी माझ्या भावाच्या मुलाचं दुकान कसं सोपवू? साहेबांना स्पष्ट सांग. तुझ्या सौ.ला आशीर्वाद, मुलांना पापा, कुत्र्यापासून जपून.

तुझा हितचिंतक,
दाजी गिरधर

ता. क. वरचा अभिप्राय सांगू नकोस. पत्र पाकिटात घालताना भिकन बूथमध्ये एकटाच बसून गुणगुणत गल्ला मोजताना दिसला. त्याला गुणगुणताना मी लहानपणानंतर ऐकलंच नव्हतं. मीटर राहू दे. उलट लवकर पक्कं कर, कारण रुपचंदचं त्याच्या आधी आलं तर मला स्टेशनाकडे फिरकायला तोंड राहणार नाही.

ता. क. दुसरा. आता जे विचारायचं म्हणून तीन दिवस पत्र लिहितो आहे ते विचारतो. त्या मीटरमध्ये बाईचा आवाज भरतात तो कुणाचा तरी भरतातच ना? मग एक मीटर असं नाही का करता येणार, की त्यात आवाज माझा असेल? चौधरी म्हणाला, एकदा आकडे म्हणून घेतले की झालं, मशीन आपोआप जुळवतं. मला शंभरापर्यंत सगळे येतात, पावकी-निमकीसुद्धा पाठ आहे. व्यापाऱ्यासाठी मोठ्याने एकदा म्हणतो आणि शेतातल्या बाईसाठी हळू एकदा, कंपनीने हवं ते घ्यावं. मोबदला नको. भिकनला यातलं काही सांगितलेलं नाही. एका बाजाराच्या दिवशी त्याने फोन लावून द्यावा, गिऱ्हाईकाने ठेवावा, आणि शेजारून मी बोलावं, मी घरी आराम करत असलो तरी. मी केव्हा पुण्याला येऊ ते उलट टपाली कळव. खडीसाखर चघळायला सुरुवात केली आहे.

ता. क. तिसरा. आकडे म्हणायचेच आहेत, बघायचे नाहीत, तेव्हा डोळ्यांचा काही प्रश्न येत नाही. तरी येतोच आहे तर तिकडच्या एखाद्या चांगल्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेव. मंजुळेला हल्ली तीन आणि आठ सारखेच दिसतात. ती काही एवढ्या लांब येणार नाही, तिच्या वतीने मीच दाखवून घेईन.